दोघांपुरती गाडी

माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ. मनात एक आणि ओठावर दुसरं, हे मला कधी जमलं नाही. जमलं ते एकदाच, गाडीच्या वेळी.

हे दापोडीच्या वर्कशॉपात इंजिनियर होते. लहानपणीच्या तापानं यांचं हृदय कमजोर झालेलं, आणि त्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार लांबचे बेत करू नका. यांना मात्र कॉलेजपासून एकच वेड: उघड्या टपाची, हलकी, पळणारी, दोघांपुरती गाडी. कोकणातली यांच्या वाट्याची बाग नुकतीच विकली होती, म्हणून आता ती घेता येणार होती.

इंग्रज गेल्यावरही देहूरोडच्या छावणीत मागे राहिलेला एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याची तसलीच हिरवी गाडी विकायची होती. आम्ही बघायला गेलो. यांनी इंजिनाला कान लावला आणि चेहरा असा खुलला की काय सांगू! म्हणाले, रविवारी घेऊनच येऊ. नवी म्हटली तर परवाना काढा, नंबर लावा, मग ती बोटीतून येणार.

मी म्हटलं, "कुणाची उष्टी गाडी मला नको. त्या गादीत त्याच्या बसण्याचा खड्डा पडलाय. नवीच घ्यायची."

"अगं, वर्ष तरी लागेल."

"लागू दे की. आपल्याला कसली घाई आहे?"

यांना सगळं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही. नवी नोंदवली की निदान तिच्यासाठी तरी हे थांबतील, एवढंच माझं गणित. वाद न घालता यांनी नवी नोंदवली.

हिरवी गाडी चिंचवडच्या एका ठेकेदारानं घेतली. पुढं हे अंथरुणाला खिळले, तेव्हा ती आमच्या घरासमोरच्या मुंबई रस्त्यानं गेली की आवाजावरून ओळखायचे. म्हणायचे, "ती बघ, आपली चालली." मला असा संताप यायचा! गाडीचा, ठेकेदाराचा, यांचासुद्धा. मी उठून खिडकी लावून घ्यायची.

हे थंडीत गेले. नोंदणी रद्द करायचं कुणाला सुचलंच नाही, आणि उन्हाळ्यात नवी गाडी दारात आली. घेऊन आलेल्या माणसाला काही माहीत नव्हतं. नारळ पुढं करून तो म्हणाला, "बाई, आधी हळदकुंकू लावा, मग किल्ली देतो." मग माझ्या कपाळाकडं लक्ष गेलं आणि बिचाऱ्यानं मान खाली घातली. शेजारीण येऊन पूजा करून गेली.

मी चुकले असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन. पण त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी दार उघडून यांच्या जागेवरून हात फिरवला. कोरी करकरीत गादी, कुठं म्हणून दबलेली नाही. जुनी घेतली असती तर तिथं यांच्या बसण्याचा खड्डा तरी राहिला असता.