ओत्सुने-सानला जंतू बघायचा होता

डॉक्टर कुवाबारांची दोन जाडजूड चरित्रं निघाली. तोक्योच्या फुकागावा वस्तीतल्या हगवणीचा जंतू त्यांनी कसा धरला, याची पानंच्या पानं त्यात आहेत. ओत्सुने-सानचं नाव एकाही पानावर नाही. मला याचा राग येतो. म्हणून मीच लिहायला बसलोय, आणि लिहायचं तर माझी फजितीही लिहावी लागणार.

ती चिनो गावची, कांतेन करणाऱ्यांच्या घरातली. समुद्रशेवाळ उकळायचं, थिजलेल्या वड्या थंडीत गोठवायच्या आणि उन्हात सुकवायच्या, यात तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन तोक्योत आली. नवरा लवकर वारला, आणि एका उन्हाळ्यात आठ वर्षांचा कियोमात्सु हगवणीनं तीन दिवसांत गेला. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून दुसऱ्याच सकाळी ती आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी.

"काचा धुईन," ती म्हणाली. "एकच अट. ज्यानं माझं पोर नेलं तो सापडला, की त्याचं तोंड मला दाखवायचं."

सेन्सेई, म्हणजे आमचे डॉक्टर कुवाबारा, हसले नाहीत. "दाखवीन," म्हणाले.

दोन वर्षांत तिनं एक खाडा केला नाही. आम्ही सहायक चिडवायचो, "काय ओत्सुने-सान, भेटला का तुमचा चोर?"

"तुमच्यासारखे शोधणारे असल्यावर तो म्हातारा होऊनच मरायचा!"

तिसऱ्या उन्हाळ्यात फुकागावात पुन्हा हगवण पसरली. सेन्सेईंचा संशय एका विहिरीवर होता. पालिका म्हणे, विहिरीतला आणि रुग्णांतला जंतू एकच आहे हे डोळ्यांना दाखवा, मग बंद करू. त्यासाठी मांसाचं पाणी कांतेन घालून थिजवायचं आणि त्यावर नमुना पसरायचा. घट्ट थरावर प्रत्येक जंतू आपापल्या जागी वाढतो. पातळ राहिलं की सगळ्यांचा काला.

ते पाणी करायचं काम माझं. उकाड्यानं ते दोनदा नासलं आणि मी दोनदा शिव्या खाल्ल्या. डब्यातला भात आंबू नये म्हणून माझी आई त्यात उमेबोशी घालायची, मिठात मुरवलेलं आंबटढाण फळ. मीही गुपचूप मूठभर उमेबोशी पातेल्यात टाकली. पाणी नासायचं थांबलं. पण काचेवर ओतलेलं कांतेन चार दिवस झाले तरी थिजेना. मांसाच्या पाण्याचा मुळातला आंबटपणा मारायला सोड्याचं ठरलेलं माप मी घालत होतो. आंबटपणा उरलाय का, हे लिटमसचा कागद लावून बघायचा मात्र कंटाळा.

"या वेळचं कांतेनच भिकार आहे!" सेन्सेई ओरडले. "सगळं चिनोला परत पाठवा!" मीही मान डोलावली. माझ्या डोक्यात तोवर काहीच शिरलं नव्हतं.

त्या दुपारी ओत्सुने-साननं मला नळाजवळ गाठलं. पातेल्याच्या तळाशी सापडलेली उमेबोशीची बी तिच्या ओल्या तळहातावर होती.

"नागाए-सान, हल्ली बैलाच्या मांसात बिया निघतात का हो?"

मी नळ बंद केला.

"आंबट घालून कांतेन उकळलं की त्याचा जोर जातो. आमच्याकडे पोरींनासुद्धा ठाऊक असतं. आंबट घालायचं ते चुलीवरून उतरवल्यावर. आत जाऊन तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"मला काढून टाकतील, ओत्सुने-सान."

"टाकू देत. नोकरी दुसरी मिळेल." तिचा आवाज चढला नाही, पण ती वाटेतून हललीही नाही. "चार दिवसांत त्या विहिरीच्या गल्लीत सहा पोरं गेली. चला."

मी गेलो आणि सांगितलं.  सेन्सेईंनी तिलाच सगळं नीट विचारून घेतलं, स्वतः लिटमस लावला, आणि मला महिनाभर तिच्या हाताखाली काचा धुवायला बसवलं. त्या संध्याकाळी उमेबोशीशिवाय नव्यानं केलेलं कांतेन घट्ट थिजलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही नमुन्यांतून एकच जंतू वेगळा निघाला. पालिकेचे साहेब बाहेर ताटकळत होते. सेन्सेईंनी आधी ओत्सुने-सानला बोलावलं.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कितीतरी वेळ लावूनच ठेवला.

"एवढासा?" ती म्हणाली. "काडीचा तुकडा नुसता. सेन्सेई, हा मरतो कशानं?"

"उकळल्यावर मरतो. धुवायच्या आधी तुम्ही काचा उकळता ना, त्या याच्यासाठीच. रुग्णांच्या नमुन्यांत हा पहिल्यापासून होताच, आम्हालाच ओळखता येत नव्हता."

"म्हणजे दोन वर्षं मी ह्यालाच मारतेय?"

"रोज. लाखांनी."

तेव्हा ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मला कुठे बघावं कळेना. सेन्सेई हळूच म्हणाले, "आज घरी जा, ओत्सुने-सान."

तिनं तोंड पुसलं आणि किमोनोच्या लोंबत्या बाह्या दोरीनं घट्ट बांधल्या.

"घरी कशाला? नागाए-सान, शेगडी पेटवा. कालच्या काचा तशाच पडल्यात."