चाचांनी सांगितलं म्हणून

नळ गळत असो की एसीतून पाणी टपकत असो, चाचा आधी डोक्यावरची टोपी मागे सारायचे, मान तिरकी करून बघायचे आणि निकाल द्यायचे, "काय नाय होत. मी हाय ना." ओमानमध्ये माबेलातल्या आमच्या इमारतीची सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. निम्मं काम या वाक्यानेच व्हायचं आणि उरलेलं निम्मं बऱ्याचदा राहून जायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट त्यांनी दोन महिने दोनच स्क्रूंवर ठेवली होती.

ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. मी नागपूरचा, कंपनीत इंजिनिअर, म्हणजे त्यांच्या लेखी पाण्यातलं काही न कळणारा. "साहेब, तुमच्याकडं पडतो तो काय पाऊस?" असं म्हणून ते मला गावच्या पुराच्या गोष्टी सांगायचे. दर वेळी त्या पुराचं पाणी वीतभर वाढलेलं असायचं.

मग इथे पाऊस आला आणि तीन दिवस थांबेना. इमारतीमागे एक वादी आहे, म्हणजे वर्षभर कोरडं पडलेलं नदीचं पात्र. एरवी तिथे पोरं क्रिकेट खेळतात. ती भरून वाहायला लागली तसे तळमजल्यावरचे आम्ही सगळे गाद्या आणि पासपोर्ट घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. एका घरात खिचडी, दुसऱ्यात झोप, कोणाची चादर कोणाच्या अंगावर याचा पत्ता नाही. माझी आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आली होती. तिचे गुडघे पार गेलेले, दोन जिने चढवायला अर्धा तास लागला.

चौथ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं. घरमालकाचा फोन आला. चाचांनी स्पीकर लावला.

"नीचे मत जाओ. वादी बाद में आएगा."

चाचा हसले. "अर्बाब घाबरट हाय. पाऊस थांबला की पानी उतरतं. आमच्याकडं हेच बघत आलो."

अर्बाब म्हणजे मालक. तो इथलाच, ओमानी. त्याचं आयुष्य या डोंगरांखाली गेलेलं. तरी मला चाचांचंच पटलं. कोकणातल्या माणसाने पाण्याबद्दल सांगितल्यावर मी कसली शंका काढणार? आईचा एक हात त्यांनी धरला, एक मी, आणि तिला खाली आणून पलंगावर बसवलं. मी गाद्या आणायला पुन्हा वर गेलो.

डोंगरात पडलेलं पाणी आमच्याकडे भर उन्हात पोचलं. मी धावत आलो तोवर खाली कमरेइतकं पाणी होतं. आत कपाट आडवं पडून दार अडलेलं. आई आतून ओरडत होती, "पलंग हलतोय रे!" मी दाराला धडका देत राहिलो. दुसरं काही सुचेनाच.

चाचा मागून गेले. दोन स्क्रूंची ती खिडकीची चौकट उपटून आत शिरले, कपाट बाजूला केलं आणि आईला पाठीवर घेऊन बाहेर आले.

जिन्यात मी काय बोलावं? "तुम्हीच आणलंत तिला खाली! मरता मरता वाचली ती!"

चाचांनी तिला वर नेऊन ठेवलं आणि निघून गेले.

तुम्हीच सांगा, मी रागवायचं की पाया पडायचं? अजून मला उमगत नाही. खाली आणणारे चाचा, वाचवणारे चाचा, आणि त्यांचं ऐकणारा मी. कोणाचं नाव घेऊ? पाणी ओसरल्यावर त्यांनी सगळ्या घरांतला चिखल काढला. आमच्या घरातला काढला तो मी ऑफिसात असताना. आठवड्याने ते दिसेनासे झाले. कोणी म्हणतं इथल्याच सलाला शहरात गेले, कोणी म्हणतं गावी. फोन बंद आहे.

आई नागपूरला परतली. दर रविवारी विचारते, "चाचा भेटले का रे?"

"भेटले," मी म्हणतो.

"काय म्हणाले?"

"तुझे गुडघे कसे आहेत विचारत होते." दर वेळी असलंच काहीतरी रचून सांगतो.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "जिन्यात तू त्यांना बोललास, तेव्हा मी पाठीवरच होते. अरे बाबा, किती थरथरत होते ते. आता भेटलास की सांग, आईने माफी मागितली आहे, पोराच्या वतीने."

"सांगतो," मी म्हणालो.