हरीनाना आणि तीन नंबरचं टेबल

हरीनाना कुणालाही भेटले की आधी त्याची बाही चिमटीत धरत आणि मग तब्येत विचारत. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या सफारीचं कापड दोन बोटांत चोळलं, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं आणि चारचौघांत निकाल दिला, "माणूस चांगला हाय. कापडवाल्यानं फसवलाय त्याला." सासऱ्यांनी त्यानंतर ती सफारी कधी घातली नाही. लग्न मोडलं नाही हे माझं नशीब.

नाना भिवंडीजवळच्या अंजूरचे. खाडीकाठची त्यांची शेती होती तिथे आता गोदामं आहेत. पण शेतीत त्यांचा जीव कधी फारसा नव्हताच. तीसेक वर्षं ते माझ्या वडिलांच्या लूमच्या कारखान्यात चेकिंगला होते. लूमवरून उतरलेला प्रत्येक तागा नानांच्या टेबलावरून सरकायचा, आणि तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की नाना तिथे खडूने गोल काढायचे. मालक वडील होते, पण पास-नापास नानांच्या हातात होतं. वडील अधूनमधून गोड आवाजात म्हणायचे, "नाना, एवढं तर बाजारात चालतं." त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं, "शेठ, बाजारात चालतं. माज्या टेबलावर न्हाय चालत." वडील चरफडायचे आणि तागा बाजूला ठेवायचे. नानांना काढून टाकायची धमकी त्यांनी बहुधा दर दिवाळीला दिली असेल, आणि दर दिवाळीला नाना बोनस घेऊन गेले.

वडील गेले, मंदी आली, लूम भंगारात गेले. रिकाम्या कारखान्यात मी पूलची, म्हणजे छोट्या बिलियर्ड्सची, तीन टेबलं टाकली. भिवंडीत हा धंदा चालतो. शिफ्ट संपलेल्या माणसाला तासभर कुठेतरी उभं राहायचं असतं. नाना पाहायला आले. "बापानं लूम लावलं, पोरानं गोट्यांचा डाव मांडला," म्हणाले. पण बोलता बोलता त्यांचा हात टेबलाच्या हिरव्या कापडावर गेला, आणि तिथेच राहिला. खिशातून भिंग निघालं. पुढचा अर्धा तास नाना टेबलावर पालथे होते आणि गिऱ्हाइकं खेळायची काठी, क्यू, हातात धरून त्यांच्या उठण्याची वाट पाहत होती.

कापड हेच माझं दुखणं होतं. पूलच्या टेबलावर लोकर आणि नायलॉनचं घट्ट विणलेलं कापड लागतं. जिथे ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरदार फटका, मारतात तिथे ते आधी चमकतं, मग विरतं आणि शेवटी फाटतं. सगळ्या देशाला कापड पुरवणाऱ्या गावात बसून मी टेबलासाठी परदेशातून कापड मागवत होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. स्वस्तातलं म्हणून दिल्लीचा एक विक्रेता नमुने घेऊन आला आणि "शंभर टक्के लोकर" असं छातीवर हात ठेवून सांगू लागला. नानांनी नमुन्यातून एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा वितळून त्याची काळी कडक गोळी झाली. "लोकर म्हंजे केस," नाना शांतपणे म्हणाले. "केस जालला तं त्याची राख होते. ह्याचा मणी झाला." विक्रेता म्हणाला, थोडं मिश्रण असतंच. नाना म्हणाले, "मंग शंभर टक्के काय हाय? भाव?"

तेव्हाच नानांनी रफिकभाईंचं नाव काढलं. निजामपुऱ्यातले रफिकभाई नानांचे जुने दोस्त. पूर्वी आमच्याच कारखान्यात लूम चालवायचे, मग स्वतःचे सहा लूम टाकले. ते सहाही आता अर्धा वेळ बंद असत. भंगारवाला आठवड्यातून एकदा "सलाम" करून जायचा, तो कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. रफिकभाईंनी पंजाबातून लोकरीचं सूत मागवून पूलचं कापड विणून पाहिलं होतं. ते चाललं तर लूम चालणार होते, नाही तर वजनकाट्यावर जाणार होते.

मग नानांनी परीक्षा मांडली. एक नंबरच्या टेबलावर परदेशी कापड, दोनवर दिल्लीचं, तीनवर रफिकभाईंचं. मुदत सहा महिने. "पयल्या दिवशी सगलीच कापडं चांगली," नाना म्हणाले. "नवरा-बायकोसारखंच हाय ते. जरा झिजू दे, मंग बोलू." दर शुक्रवारी, लूमच्या सुटीच्या दिवशी, सकाळी हॉल उघडायच्या आत नाना भिंग घेऊन येत आणि तिन्ही टेबलांवर आडवे होत. दोस्ताचं कापड आहे म्हणून तिसऱ्या टेबलावर ते दुप्पट वेळ घालवत. रफिकभाईंना मात्र या सहा महिन्यांत त्यांनी हॉलची पायरी चढू दिली नाही. "पेपर तपासताना पोराच्या बापाला वर्गात बसवतात का?"

दिल्लीचं कापड दुसऱ्याच महिन्यात फाटलं. परदेशी कापड सहाव्या महिन्यात चमकायला लागलं, ब्रेकच्या जागी पातळही झालं. आणि रफिकभाईंचं कापड काल अंथरल्यासारखं होतं. नाना टेबलावरून उठले, भिंग पुसलं आणि म्हणाले, "पास."  मी त्याच मिनिटाला रफिकभाईंना फोन केला. मलाही स्वस्त कापड हवंच होतं, उगाच का खोटं बोलू? रफिकभाईंनी कल्याण-ठाण्याच्या हॉलवाल्यांना कळवलं, सूत भरलं आणि सहाही लूमवर पूलच्या कापडाचे बीम, उभ्या धाग्यांचे रूळ, चढवले. निजामपुऱ्याच्या गल्लीत मिठाई वाटली गेली.

पुढच्या आठवड्यात नाना मला पेढे द्यायला आले, पण सकाळी नव्हे, संध्याकाळी, ऐन गर्दीत. दारातच थबकले. एक नंबरवर खेळ चालला होता, फाटलेलं दोन नंबर बंद होतं आणि पाच-सहा जण नंबर लावून उभे होते. तीन नंबर रिकामं होतं. नानांनी रांगेतल्या एकाला विचारलं, "त्या टेबलावर का न्हाय खेलत?" तो हसला. "चाचा, उसपे बॉल चलता ही नहीं. चटाई पे लुढ़काओ वैसा लगता है. उसपे तो कोई नहीं खेलता."

नाना बाकावर बसले. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच. सहा महिने भिंग लावून ते ज्या कापडावर आडवे होत होते, त्यावर त्यांच्याइतकं दुसरं कुणी लोळलंच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लूमवरून उतरलेलं कोरं कापड तपासलं. वापरणारा माणूस त्यांच्या टेबलाशी कधी आलाच नाही. तो पाहायचा असतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि रोज तिथेच गल्ल्यावर बसलेल्या माझ्या ध्यानात आलं होतं तरी मी तोंड उघडलं नव्हतं. हे लिहिताना अजूनही लाज वाटते.

"नाना, राहू द्या ना," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शेठचाच पोर हाय," एवढंच म्हणाले आणि रिक्षा करून थेट निजामपुऱ्याला गेले. मीही मागोमाग गेलो. सहाही लूम धडधडत होते. नानांनी रफिकभाईंना बाहेर गल्लीत आणलं आणि सांगितलं, "रफिक, मेरी चुकी हुई. तेरा कापड पास न्हाय. फेल बी न्हाय. वो घिसाच न्हाय."

 रफिकभाई आत जाऊन एकेक लूम बंद करून आले. "घिसा नहीं तो फेल कैसे बोलेगा?" ते म्हणाले. "चल, घिसते हैं."

आणि मग माझ्या हॉलने जे पाहिलं ते कुठल्याच हॉलने पाहिलं नसेल. सत्तरी गाठलेले दोन म्हातारे, जन्मात क्यू हातात न धरलेले, रोज दुपारी बारा वाजता ड्युटीवर आल्यासारखे येत आणि पाच वाजेपर्यंत तीन नंबरवर खेळत. बॉल खड्ड्यात जावा अशी दोघांचीही इच्छा नव्हती. गेला तर उलट वेळ वाया जाई. नाना ब्रेक असा मारत की पांढरा बॉल टेबलावरून उडून गिऱ्हाइकांच्या पायांत जाई. "कापडावर मार, लोगों पे नहीं," रफिकभाई ओरडत. शुक्रवारी नमाजानंतर खेळ, पितृपक्षात जेवण उरकून खेळ. हळूहळू पोरं भोवती जमायला लागली, पैजा लागायला लागल्या. माझ्या हॉलला इतकी गर्दी कधी झाली नव्हती, आणि सगळी त्या एका टेबलापाशी, जिथे मी भाडं घेत नव्हतो.

चौथ्या महिन्यात ब्रेकच्या जागी बारीक गोळे आले. आठवड्याभरात आतला उभा धागा दिसू लागला. परदेशी कापडाने सगळ्या गावाचा मार खाऊनही फाटेपर्यंत आठ महिने काढले होते. त्या दुपारी नानांनी क्यू भिंतीला टेकवला, खिशातून खडू काढला आणि विरलेल्या जागेभोवती गोल काढला. रफिकभाई समोरच उभे होते. नाना त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "फेल."

रफिकभाई चपला घालून पायरी उतरले. महिन्याभरात त्यांचे चार लूम भंगारात गेले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याने दोस्ताच्या पोटावर पाय दिला. मीही म्हणालो. नाना ऐकून घेत आणि रोज सकाळी रिक्षाने निजामपुऱ्याला जाऊन उरलेल्या दोन लूमशेजारी उभे राहत. पंधरा दिवस रफिकभाई त्यांच्याशी बोलले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. सोळाव्या दिवशी नानांनी सूत बोटांत उलगडून दाखवलं, "ह्याला पीळ कमी हाय. आडवा धागा सैल बसतो, म्हणून बॉल अडकतो न् म्हणूनच विरतो." रफिकभाई म्हणाले, "ये बात छे महिने पहले बोलता." नाना म्हणाले, "छे म्हयने पयले मी बी शिकत होतो."

दुसरं कापड लूमवरून उतरायच्या आतच नाना गेले. सकाळी चहा पिताना, बसल्या जागी. अंजूरला मी आणि रफिकभाई बरोबरच पोहोचलो. नानांच्या अंगावर पांढरं कापड पांघरलं होतं. रफिकभाई वाकले, त्याचा काठ बोटांत धरला आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "मिलावट है. ये उठके वापस भेज देता." आम्ही दोघं त्या गर्दीत हसलो आणि मग दोघांनाही रडू आवरेना.

नवं कापड तीन नंबरवर चढलं. या वेळी बॉल सरळ धावत होता. पोरं खेळायला लागली, नंबर लावायला लागली. मी दर शुक्रवारी सकाळी टेबलावर आडवा होऊ लागलो. नानांच्या मुलाने भिंग मला दिलं होतं. सहा महिने झाले आणि ब्रेकच्या जागी मला लव उठलेली दिसली. गिऱ्हाइकांना ती दिसली नव्हती. रफिकभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. ते समोर बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर. पास म्हणालो असतो तर मला पकडणारं आता या गावात कुणी नव्हतं.

"फेल आहे, रफिकभाई," मी म्हणालो. माझा आवाज चोरासारखा आला.

"पहलेवाला कितना चला था?"

"चार महिने. तेही तुम्हा दोघांच्याच हातचे."

"और ये?"

"सहा. अख्ख्या गावाचे."

त्यांनी मान हलवली. उठताना माझ्या खांद्याला धरलं. "तेरा बाप होता तो पास कर देता," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून मी त्यांना फोन लावला. उरलेले दोन लूम तरी ठेवताय ना, एवढंच विचारायचं होतं. फोन त्यांनी उचलला, दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले, आणखीही काही बोलले. त्यांचं मला काही कळलं नाही, माझं त्यांना ऐकू गेलं नाही. मागे दोन्ही लूम धडधडत होते.