उतार अजून जागेवरच

त्याला सगळे माघारे म्हणत. आडनाव वाटतं ना? पण ते आडनाव नव्हे. डोंगरावरून माणसांना मागे फिरवण्यात त्याची हयात गेली, म्हणून गावातल्या टवाळांनी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की टपालवाल्यालासुद्धा खरं नाव आठवायला डोकं खाजवावं लागे. त्याला मात्र कधी राग आला नाही. "जिवंत आहेत म्हणून म्हणतात ना," असं म्हणून तो आपला चहा ओतून घ्यायचा.

गावच्या बचाव पथकाचा तो प्रमुख. हिवाळा लागला की गोठलेल्या धबधब्यांवर चढायला लांबलांबून माणसं येत, आणि ती सुखरूप परत जावीत हे बघणं त्याचं काम. सकाळी वर जाऊन छातीइतका खड्डा खणायचा, त्याची भिंत फावड्याने तासून सरळ करायची आणि बर्फाचा एकेक थर बोटाने दाबून बघायचा. वर वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट बर्फ आणि खाली साखरेसारखा भुसभुशीत थर दिसला, की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मग भिंतीतून बर्फाचा एक खांब मोकळा कापायचा, त्याच्या डोक्यावर फावडं ठेवायचं आणि वरून चापट्या मारायच्या, आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. मनगटाच्याच चापटीला वरचा तुकडा सरकला, की वाटेच्या तोंडाशी लाल पाटी लागलीच म्हणून समजा.

मग आलेली मंडळी चिडायची. "अहो, एवढं लख्ख ऊन पडलंय!"

"ऊन इथूनसुद्धा दिसतं," माघारे म्हणायचा. वाद संपला.

जावईही याच धंद्यातला, लोकांना बर्फावर चढायला शिकवणारा. सासऱ्या-जावयाचं इतकं मेतकूट, की माघारेची बायको लेकीला म्हणायची, "लग्न तुझं झालं की यांचं?" घरात शिरताशिरता जावई ओरडायचा, "बाबा, आज कुठला रंग?" आणि रंग लाल असला तर बूट काढून खुशाल स्वयंपाकघरात बसायचा. मागे फिरण्यात कमीपणा वाटत नसे असा तो एकच पोरगा. माघारेचा जीव होता त्याच्यावर.

त्या दिवशी पाटी पिवळी होती. जपून जा, एवढाच तिचा अर्थ. जावई एका सोबत्याला घेऊन नळीतल्या, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतल्या धबधब्यावर गेला आणि दुपारी वारा उठला. कड्यामागचा सगळा बर्फ उचलून त्याने नळीच्या माथ्यावर आणून टाकला. उतार सुटून खाली आला, पण अर्धाच, आणि जावई त्याखाली गाडला गेला. सोबती कडेला फेकला गेला, धडपडत खाली आला आणि त्याने पथकाला कळवलं. चूक कुणाची म्हणाल, तर कुणाचीच नव्हती. तेच वाईट. दोष द्यायला बाहेर कुणी सापडलं नाही, की माणूस तो घरातच शोधतो.

पथक पोचेपर्यंत तास उलटून गेला होता. जावयाच्या अंगावरचा बीपर, गाडलेल्याची जागा कळवणारं यंत्र, चालू होता, त्यामुळे जागा लगेच लागली. लांब सळई खुपसली तर हाताशी येईपर्यंत आत गेली, तेव्हा कुठे टोकाला काहीतरी मऊ लागलं. सगळे खणायला भिडले. माघारे सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात त्याने वर बघितलं. उरलेल्या अर्ध्या उताराला आडवी भेग पडली होती, आणि वारा तिथेच आणखी बर्फ ओतत होता.

खाली वाटेवर लेक येऊन उभी होती. पथकातल्या प्रत्येकाचं घर त्याला ठाऊक होतं. कुणाची आई अंथरुणावर होती, कुणाची बायको दिवसांत होती. तासाभरानंतर गाडलेलं माणूस क्वचितच जिवंत निघतं, हेही त्याला ठाऊक होतं. क्वचित. हा शब्द पुढे त्याला सुखाने जगू देणार नव्हता.

"मागे फिरा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. माघारेच्या हातातला बीपर जावयाच्या बीपरची खूण पकडून वाजतच होता. मग तो ओरडला. पथकातली नर्स, त्याच्याच हाताखाली तयार झालेली, सगळे निघाले तरी हा हलेना म्हणून परत आली आणि दंडाला धरून त्याला ओढू लागली. "नियम तुमचाच आहे, काका. चला." त्या जागी खुणेची काठी रोवून तो गेला. वाटेवर लेकीने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

नंतर वादळ झालं, ते निवळलं, आणि भेग पडलेला तो अर्धा उतार तसाच राहिला. सुरुंग लावून तो पाडावा, असं वरच्या कचेरीने सुचवलं. तेव्हा लेक त्याच्याशी एवढंच बोलली, "त्याच्यावर आणखी बर्फ टाकायचा नाही." "नाही टाकणार," तो म्हणाला. उतार सावकाश वितळू द्यायचा, म्हणजे थंडी सरता सरता जावई हाती लागेल, असं ठरलं. बीपरची बॅटरी संपली असेल त्या सुमाराला लेक माहेरी राहायला आली. बापाशी मात्र अबोला. "आई, त्यांना विचार भाजी हवी का," आणि बाप तर समोरच बसलेला! बायको बिचारी दोघांच्या मध्ये निरोप्या होऊन बसली.

गाव गप्प बसेल तर ते गाव कसलं! पावाच्या दुकानात कुणीतरी हळूच म्हणायचं, "काय माघारे, उतार अजून जागेवरच?" न्हाव्याकडे तर उघड बोलणं होतं, की म्हातारा घाबरला, पोर हकनाक गेलं. ज्यांना त्याने स्वतः ओढून खाली आणलं होतं, तेही माना डोलवत. काय म्हणावं या लोकांना!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नळी दिसायची. लेक रोज तिथे उभी राहून म्हणायची, "अजून आहे गं आई तो तिथेच." आवाजात धीर असायचा, कारण उतार तसाच राहावा हेच तिला हवं होतं. माघारे मान खाली घालून जेवायचा. ज्या माणसाने जन्मभर बर्फ सुटू नये म्हणून जिवाचं रान केलं, तोच आता मनातल्या मनात म्हणत होता, सुट रे बाबा, एकदाचा सुट. तो उतार तसाच वितळून गेला, तर पथक तिथे थांबू शकलं असतं असाच अर्थ होणार. म्हणजे बीपर वाजत असताना आपण आपल्या पोराला उगाच सोडून आलो. आपण काय मागतोय याची त्याला लाजही वाटायची, पण मागणं काही थांबत नव्हतं.

थंडी उतरणीला लागली होती. ऊन चांगलं पडलेलं, वाट बंद, वर चिटपाखरू नाही. माघारे अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. आधी धप्प असा आवाज झाला, मग लांबून ट्रक यावेत तशी घरघर. त्याने वळून बघितलं. नळीच्या माथ्यापासून पांढरा धुरळा उठला होता, आणि वरचा सगळा उतार, भेगेपासून कडेपर्यंत, खाली येत होता.

"सुटला!" तो ओरडला. तोंडाला फेस, हातात वस्तरा, तसाच तो घरात धावला. "अगं ए, सुटला! बघ! म्हणत नव्हतो मी? सगळेच्या सगळे गेले असते गं! सगळे!" तो हसत होता. थंडीभर कुणी त्याला हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"अहो," बायको म्हणाली. "अहो, गप्प बसा."

लेक खिडकीशी उभी होती. धुरळा बसला तशी नळी दिसू लागली, काठोकाठ भरलेली. जिथे खुणेची काठी रोवली होती तिथे आता काठीही नव्हती. माघारेने ते बघितलं, आणि आपण कशाला हसत होतो ते त्याला उमगलं. त्याने वस्तरा टेबलावर ठेवला.

लेक वळली. इतक्या दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलली, तेही अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं.

"तुमचं बरोबर होतं, बाबा," ती म्हणाली. "आता उन्हाळा सरेपर्यंत काही तो मिळत नाही."

तिने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्याच्या हातात दिला. "तोंड पुसा."

त्याला पुसता येईना.