याडीनं झूल शिवलेला डबा

माह्या सासूले उघडी वस्तू पाह्यवत नाई. टीव्ही असो का मिक्सर, त्याच्यावर तिनं हातानं भरलेलं फडकं पडलंच समजा. आरशाच्या टिकल्या, कवड्या, लाल-निळा दोरा. नाव हिरीबाई, पन आमच्या बंजारा तांड्यात आईले याडी म्हनतात, म्हनून मी सूनबी याडीच म्हनतो. सासरी जाताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत. तांड्यातल्या समद्या पोरींले तो याडीनंच शिकवला. मंग तिच्या गळ्याचं आपरेशन झालं अन् आवाजच गेला. आता नुसती फुसफुस.

अन् तशात माह्या पोरीचं, सपनाचं लगन ठरलं.

याडीचा आवाज उरला होता तो फक्त माह्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरात. धनराज लग्नाच्या शूटिंगा करतात. तांड्यातले समदे जुने व्हिडिओ त्यायनं जपून ठेवले होते, पन त्या कॉम्प्युटरची डिस्क खटखट करू लागली होती. "घरातच सर्वर करू," ते म्हनले, "समदं एका डब्यात. मंग टीव्हीवर पाहा, नाई तं मोबाइलवर."

वाशीमले एका दुकानात हापिसातून निघालेले जुने मिनी पीसी मांडले होते. ह्यायचा जीव एका मोठ्या मशीनवर. प्रोसेसर ताकदीचा म्हने. पन त्याचा पंखा असा बोंबले का बाजूच्याचं बोलनं आयकू येईना!

"काहो, गानं आयकाचं हाय का पीठ दळाचं?" म्या म्हनलं.

दुसरा होता जेवनाच्या डब्याएवढा, काळा, कोपऱ्यात टवका उडालेला. पेन ड्राइव्ह लावून ढावलो चालवून पाह्यला. व्हिडिओ कुठी अडकला नाई, डब्याचा आवाज नाई. लाइट इतकी कमी खाये का इन्व्हर्टरवरबी चालन. वरून स्वस्त. म्या तोच घ्याले लावला.

"बिघडला तं तुह्या डोक्यावर," हे म्हनले.

"माह्या तं माह्या!"

समदं त्याच्यात उतरवलं, अन् जुनी डिस्क कायमची बसली. सपना रोज टीव्हीपुढं बसून शिके. लगन आठवड्यावर आलं अन् एका दुपारी ढावलो मधातच बंद पडला. हे बोर्डावरचं बटन दाबून दाबून थकले. डबा चालू व्हये, दोन ओळी गाये, पुन्हा बंद.

"दुसरीकडं कॉपी करून ठेवाचं राह्यलंच," ह्यायनं कपाळावर हात मारला. "गेलं समदं!"

"आई, तूच घ्याले लावलं हे भंगार!" सपना रडाले लागली.

याडीचा आवाज माह्या चिक्कूपनानं गेला म्हना ना! रागारागानं म्या डबा काढाले टीव्हीच्या मांगं हात घातला, तं हाताले कवड्या लागल्या.

डब्याले झूल! दुहेरी कापडाची, चारी बाजूंनी घट्ट शिवलेली, वायरीपुरतं भोक ठेवून. आत डबा तव्यासारखा तापलेला.

"याडी, हे काहून केलं वं?"

"माहा आवाज हाय ना त्याच्यात," ती फुसफुसली. "धूळ बसन."

म्या झूल उसवली, डबा पंख्याखाली ठेवला. थंड झाल्यावर ह्यायनं बटन दाबलं. दोन ओळी झाल्या, चार झाल्या, आक्खा ढावलो झाला, डबा काई बंद पडला नाई. सुटलो बाप्पा! मले हसूबी येये अन् रडूबी. ह्यायनं तवाच दोन पेन ड्राइव्हवर समदं उतरवलं.

सपना पुन्हा गायाले बसली. एका जागी चुकली तशी याडीनं तिच्या मांडीवर चापट मारली अन् स्वतःच ती ओळ म्हनाले लागली. टीव्हीत तिचा भरलेला आवाज, अन् इथं ती फुसफुस, पन ताल तोच. सपना तिच्या तोंडाकडं पाहून म्हनत गेली. टीव्ही कवा बंद केला, कोनाच्या ध्यानातबी आलं नाई.

म्या मोबाइल काढला अन् ती फुसफुसबी भरून घेतली. ह्यायले म्हनलं, हीबी त्या डब्यात टाका.