वडाखाली उभं राहणं गुन्हा नाही

काशीराम तावडे माझ्याकडे पहिल्यांदा आला तो काखेत नवी कोरी पाटी मारून. पाटीवर ‘खाजगी गुप्तहेर’ असं लिहिलेलं. रंग अजून ओला होता, तो माझ्या टेबलाला लागला.

“साहेब, ह्याचा लायसन खंय गावता?”

मी तेव्हा घाटकोपरला वकिली करत होतो आणि सकाळपासून एकही अशील फिरकलं नव्हतं, म्हणून आधीच तापलेलो. म्हटलं, “बाबा रे, कुत्र्याला लायसन्स लागतं, सायकलला लागतं, रेडिओला लागतं, दारू प्यायला परमिट लागतं. गुप्तहेराला काहीच लागत नाही.”

त्याचं तोंड उतरलं. लायसन्स असतं तर गडी फ्रेम करून भिंतीवर लावणार होता. मला त्याची कीव आली, म्हणून दुसरी बाजूही सांगितली. लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान नाही. परक्याच्या घरात शिरलास, पोलीस असल्याची बतावणी केलीस, दुसऱ्याचं टपाल फोडलंस, की आत जाशील. कुणाला वाईट म्हणालास आणि शाबीत करता आलं नाही, तर बदनामीचा खटला. शिवाय अशिलाचं गुपित वकिलाला पोटात ठेवता येतं, तुला ती मुभा नाही. कोर्टाने बोलावलं की सगळं ओकावं लागेल.

काशीराम मालवणकडचा. गिरणीच्या पहाऱ्यावर बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे माणसं न्याहाळायची सवय अंगात मुरली होती. स्थळांच्या चौकश्या करणं हे त्याचं मुख्य काम. मुलगा खरंच नोकरीत आहे का, गावी आधीची बायको तर नाही ना, एवढंच तो बघून यायचा. दर वेळी माझ्याकडे येऊन विचारायचा, “ह्यात कलम लागता काय?” आणि लागत नाही म्हटलं की खुशीत निघून जायचा. कायदा पाळला की पाप लागत नाही, अशी त्याची समजूत होती. तशी ती माझीही होती म्हणा, नाहीतर हा धंदा मी केला नसता.

अठ्ठावन्न साली मुलुंडचे मार्तंडराव त्याच्याकडे आले. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, बोलणं लोण्यासारखं. बायको उत्तरा घर सोडून गेली होती. तिची बालमैत्रीण विमला कांदिवलीच्या गावठाणात राहायची, शाळेत शिकवायची. मार्तंडराव तिथे जाऊन आले होते, पण विमलाने दारातूनच वाटेला लावलं होतं. “रागाच्या भरात गेली हो,” ते म्हणाले. “कुठे आहे एवढं कळलं तरी पुरे.”

घरात शिरणं कायद्यात बसत नव्हतं. काशीरामने डोकं चालवलं आणि मोठ्या फुशारकीने मार्तंडरावांना सांगितलं, “वटपौर्णिमा येवंदे. पळान गेली तरी बाई वड चुकवची नाय.”

अक्कल म्हणावी तर ही, आणि घात म्हणावा तर हाच. त्या गावठाणात वड एकच होता, तळ्याच्या काठी. वटपौर्णिमेला सकाळी काशीराम तिथे जाऊन उभा राहिला. उत्तरा आली. ज्या नवऱ्याच्या भीतीने ती पळाली होती, त्याच्याच आयुष्यासाठी वडाला दोरा गुंडाळायला आली. आपल्याकडच्या बाया असंच करतात. मला त्याचा राग येतो आणि रडूही येतं.

ती डाव्या हाताने दोरा गुंडाळत होती. एक म्हातारी तिला म्हणाली, “अगं, देवाचं काम उजव्या हाताने कर.” उत्तराने उजवा हात उचलून पाहिला. कोपरातून तो सरळच होईना. दंडावर जुन्या चट्ट्यांची रांग होती. काशीरामला त्यांचा अर्थ कळला. बाई दिसलीच नाही असं सांगायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं आणि तो वळला.

मागे मार्तंडराव उभे होते. हातात मोगऱ्याचा गजरा.

“उत्तरा,” ते मऊ आवाजात म्हणाले, “चल, घरी जाऊ.”

बायकांना काय आनंद झाला! “बघा गं, पूजा फळली! दोरा बांधला नाही तोच धनी हजर!” कुणी तिच्या केसांत गजरा माळला, कुणी ओटी भरली. विमला असती तर आडवी पडली असती. पण ती बिनलग्नाची, वडाकडे तिचं काय काम? उत्तरा पांढरीफटक पडली होती. एवढ्या सवाष्णींच्या घोळक्यात ती काय सांगणार?

काशीराम पुढे झाला. “बाई, तुमका जावचा नसात तर जाव नका.”

मार्तंडराव हसले. “आपण कोण हिचे?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. बाप, भाऊ, पोलीस, कुणीच नव्हता तो. उत्तराने एकदा त्याच्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. वडाखाली हा माणूस सकाळपासून का उभा होता, ते तिला कळलं. तिने पूजेचं ताट उचललं आणि ती नवऱ्यामागून चालू लागली.

काशीराम तिथून थेट माझ्याकडे आला. मी त्याला पोलीस चौकीत पाठवलं. तिथल्या साहेबाने विचारलं, “गुन्हा कुठे घडलाय? नवऱ्याने बायकोला घरी नेलं, हा गुन्हा?” कांदिवलीहून विमला मुलुंडला गेली, तर मार्तंडरावांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

श्रावणात उत्तरा घरामागच्या विहिरीत सापडली.

विमलाने आकाशपाताळ एक केलं, म्हणून निदान खटला उभा राहिला. शेवाळावरून पाय घसरला, असं मार्तंडरावांचं म्हणणं. आणि बचावाचा साक्षीदार कोण, तर काशीराम! समन्स आलं तसा तो माझ्याकडे धावत आला. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

“बाईंनी वडाची पूजा केली?” मार्तंडरावांच्या वकिलाने विचारलं.

“केली.”

“कुणी जबरदस्ती केली होती?”

“नाय.”

“पूजा कुणासाठी करतात?”

काशीरामने माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीशांनी उत्तर द्या म्हणून फर्मावलं.

“घोवासाठी.”

सरकारी वकिलाने हाताबद्दल विचारलं, तेव्हा काशीरामने सगळं सांगितलं. लगेच मार्तंडरावांच्या वकिलाने विचारलं, “तुम्ही डॉक्टर आहात? चट्टे कशाचे, ते बाईंनी तुम्हाला सांगितलं?” नाही, म्हणावं लागलं. सात जन्म हाच नवरा मागणाऱ्या बाईला त्याची भीती होती, हे ज्युरीला पटलं नाही. मार्तंडराव निर्दोष सुटले.

कोर्टाबाहेर ते काशीरामपाशी आले आणि त्यांनी हात जोडले. “तुमच्यामुळे वाचलो. घर आता खायला उठतं हो. भांडुपची एक मुलगी सांगून आलीय. तिच्या माहेरची चौकशी तुम्हीच करा.”

काशीरामने पत्ता लिहून घेतला. मी त्याला बाजूला ओढलं आणि बजावलं, कोर्टाने सोडलेल्या माणसाला खुनी म्हणालास तर मेलास. “माका कलम म्हायत आसा,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला कलम लागतं का असं विचारलं नाही.

त्याने मुलीच्या बापाला सगळं सांगितलं. लग्न मोडलं. मार्तंडरावांनी बदनामीची फिर्याद ठोकली. मी बचाव तयार केला होता, पण आरोप वाचून होताच हा बाबा “कबूल” म्हणून मोकळा झाला. माझा संताप झाला. “बोललंय ता खरा,” तो मला म्हणाला, “आणि बोललंय म्हणान कबूल.” त्याला साधी कैद झाली.

तुरुंगात भेटायला गेलो की तो एकच विचारायचा, मार्तंडरावाचं लग्न जमलं नाही ना? मी नाही म्हणायचो. शेवटच्या भेटीत मला तसं म्हणता आलं नाही. आदल्याच आठवड्यात मार्तंडरावांचं लग्न झालं होतं. मुलगी लांबच्या गावची. चौकशीला त्यांनी दुसरा माणूस ठेवला होता.