सदतीस ते एकसष्ट

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘पोटात गोळा’. जगातल्या कुठल्या पार्कात कुठली नवी राइड येतेय, कोण किती हजार कोटी ओततंय, कुणाची गाडी किती फूट उंच जाते, यावर तिथं रोज वाद चालतो. सभासद दोनशे बारा. त्यातले परदेशी पार्कात प्रत्यक्ष जाऊन आलेले अकरा. बाकी सगळे आमच्यासारखे, मोबाइलवर बघून मत देणारे. पण आम्ही सीमाभागातली माणसं. जे अजून मिळालेलं नाही त्यावर तीन पिढ्या भांडायची आम्हाला सवय आहे. न बघितलेल्या पार्कावर भांडायला कितीसं अवघड?

मी समर्थ, ग्रुपचा ॲडमिन. शाळा निपाणीची, नोकरी बेळगावात उद्यमबागेत, खोली खासबागेत. वादात माझा पक्ष उंचीचा. राइड उंच नसेल तर तिला राइड का म्हणायचं, शिडी म्हणा, असं माझं सरळ मत. न्यू जर्सीचा सौरव आमचा पुढारी, कारण त्याच्याकडं वर्षभराचा पास आहे आणि तो वरनं खाली येताना ओरडतानाचे व्हिडिओ टाकतो.

या सगळ्यात एक सभासद असा होता की त्याचा फोटो गणपतीचा आणि प्रश्न कायम एकच: “तासाला किती माणसं?”

गेल्या वर्षी आखातातल्या एका पार्कानं नव्या राइडची घोषणा केली. ग्रुपवर दिवाळी. सौरवनं उंची टाकली, कुणी खर्चाचा आकडा टाकला, कुणी एवढ्या पैशात जुन्या चार राइड दुरुस्त झाल्या असत्या म्हणून भांडण काढलं. दीडशे मेसेज झाल्यावर गणपती बोलला: “तासाला किती माणसं? आणि दुसरी गाडी आहे का?”

सौरवनं लिहिलं, “काका, इथं लोक उडायला येतात. जनगणनेला नाही.”

हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. मलाही खाज सुटली. मी लिहिलं, “काका, तुम्ही स्वतः कधी कशात बसलाय काय?”

मिनिटभरानं उत्तर आलं. “नाही.”

एवढंच. पुढं कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं मला एकट्याला मेसेज आला: “आपण बेळगावचे दिसता. खासबागेत आलात तर चहाला यावे. हरिभाऊ हेरेकर, निवृत्त शिक्षक (गणित).” पत्ता बघतो तर माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडं.

दार पद्मजाकाकूंनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “त्यांच्या पार्कातले का तुम्ही? या. अमेरिकेतल्या पाळण्याचा बोल्ट ढिला असला तर यांना झोप लागत नाही. घरातल्या झोपाळ्याची कडी चार महिने कुरकुरतेय, तिच्यावर मत नाही.”

“पद्मजा, चहा,” आतून आवाज आला.

सर खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर टॅब, हातात शाळेतलं खेळाच्या तासाचं स्टॉपवॉच आणि पुढ्यात हजेरीपट. कोरा राहिलेला, निवृत्तीच्या वेळी शाळेनं रद्दीत काढलेला. ‘विद्यार्थ्याचे नाव’ या रकान्यात राइडांची नावं होती. तारखांच्या चौकटीत सेकंद. सर व्हिडिओ लावायचे. गेट कधी बंद झालं, गाडी कधी सुटली, परत कधी आली, पुढची माणसं बसायला किती वेळ लागला, गाडीत खुर्च्या किती. मग गुणाकार-भागाकार. तासाला अमुक माणसं. जगातल्या दोनशे चाळीस राइडांची हजेरी खासबागेत लागत होती.

“उंची लिहीत नाही तुम्ही?” मी विचारलं.

“उंची काय करायचीय? खाली उभं असलेल्याला उंचीचा उपयोग काय, सांग बघू.”

मास्तरांनी ‘सांग बघू’ म्हटलं की आमची पिढी आपोआप गप्प बसते. मी चहा घेतला.

पुढं महिनोन्महिने मी रविवारी जात राहिलो. वाद घालायला जायचो आणि काकूंच्या हातचे पोहे खाऊन यायचो. त्यातल्याच एका रविवारी सरांनी ते सांगितलं.

सरांची सगळी नोकरी लोंढा स्टेशनाजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात झाली. रोज सकाळी बेळगावातून रेल्वेनं जायचं, संध्याकाळी परत. दोन हजार चार साली नववीची सहल निघाली. महामार्गालगत दोन-अडीच तासांवर एक पार्क होतं. आता बंद पडलंय. सगळ्या पार्कात पोरांना हवी होती ती एकच गोष्ट, रुळावरून वळत-पडत जाणारी गाडी. म्हणून ती शेवटी ठेवली होती.

“गाडीत बारा जण,” सर म्हणाले. “दोन शाळा आमच्या आधी रांगेत. गाडी एकच चालू. दुसरी शेडमध्ये ताडपत्रीखाली. मी विचारलं, ती का नाही काढत? तर तिथला गाडीवाला म्हणाला, त्या वर्षी दारात मोठा नवा पाळणा बसवलाय, सगळा पैसा तिकडं गेला.”

“मग?”

“मग मी पोरांची रांग लावली. गोंधळ नको म्हणून हजेरी क्रमांकानं.”

ते थांबले. मी सरकारी शाळेतलाच, तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. हजेरीपटात आधी मुलं, मग मुली. आमच्याही शाळेत तसंच होतं. कुणी ठरवलं कुणाला माहीत, पण पट उघडला की तसंच.

“एक ते छत्तीस मुलं. बाराबारानं तीन फेऱ्या. छत्तिसावा शामू उतरला आणि बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हेडमास्तरांचा लेखी हुकूम होता, मुली दिवे लागायच्या आत घरी पोचल्या पाहिजेत.” सर हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. “मुलींसाठी लवकर निघालो, समर्थ. सदतीस ते एकसष्ट. पंचवीस मुली. दोन तास उन्हात उभ्या होत्या. मी म्हटलं, चला बसमध्ये. आणि त्या आल्या. एकीनं तोंडातनं शब्द काढला नाही. येताना गाणीसुद्धा म्हटली त्यांनी. दहावीला सहल नसते. विषय संपला.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे शंभरदा ऐकलं असणार. तरी त्या पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून ग्रुपवर ‘तासाला किती’वर कुणी चेष्टा केली की मी विषय बदलायला लागलो. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. उंचीचा पक्षही सोडला नाही. तत्त्व ते तत्त्व.

यंदा जानेवारीत त्याच वर्गाचा स्नेहमेळावा ठरला. पुढाकार रवळूचा. नववीत असताना हजेरी क्रमांक एकोणतीस, नंतर फौजेत सतरा वर्षं आणि आता बेळगावात एका बँकेत सुरक्षारक्षक. तो सरांना आमंत्रण द्यायला आला तेव्हा मी तिथंच होतो.

“सर, शाल, श्रीफळ, फेटा. तुमचा जंगी सत्कार करायचा ठरलंय. न्हाय म्हणायचं न्हाय.”

“नाही,” सर म्हणाले.

“आवो सर!”

“कॅम्पातल्या मैदानावर प्रदर्शन आलंय. तिथं रुळावरची गाडी आहे, मी बघून आलोय. बारा खुर्च्या. जेवण झालं की सगळे तिथं चला. मुलींना आधी बसवायचं. एकसष्टपासून उलट. मला चार शब्द बोलायचेत त्यांच्याशी. झालं. शाल तू घे, रात्रपाळीला थंडी असते.”

रवळूला सहलीतलं काही आठवत नव्हतं. त्याला आठवत होती ती गाडी, आणि उतरल्यावर आपण उलटी केली ती. जे बसले त्यांना रांग आठवत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मेळाव्याच्या दिवशी सरांना मी गाडीवरून नेलं. त्यांच्या खिशात कागद होता. शुद्ध अक्षरात, तारीख टाकून, मुद्दे एक ते चार. मुद्दा एक: चूक माझी होती. बाकीचे मला त्यांनी वाचू दिले नाहीत.

पंचविसातल्या अकराजणी आल्या होत्या. कुणी पुण्याहून, कुणी गोव्यातून, बाकीच्या आसपासच्या खेड्यांतनं. पस्तिशीच्या बायका, पण सर दिसल्याबरोबर सगळ्यांनी पदर, ओढण्या सारख्या केल्या आणि चपला ओळीत काढल्यागत उभ्या राहिल्या. मैदानावर दुपारचे साडेचार वाजले होते. गाडीच्या तोंडाला ड्रॅगनचं रंगवलेलं डोकं होतं, एक दात पडलेला. चालवणारा माणूस कानडीत “बेग, बेग” म्हणून घाई करत होता.

सरांनी घसा साफ केला. “एकसष्ट.”

“हजर, सर!” रचना पुढं आली. नंदगडजवळच्या खेड्यात दिलेली, घरची शेती, सकाळी अंगणवाडीत नोकरी. तिच्या हाताला धरून दहा वर्षांची ऋतिका होती. सरांनी खिशात हात घातला, कागद काढला, चष्मा चढवला.

तेवढ्यात ऋतिका म्हणाली, “सर, मम्मीला भ्या वाटत न्हाय. ती बसलीय आधी. तुम्हीच बसवलतासा न्हवं? वरनं लोंढा दिसतंय म्हणं, टेशनासकट!”

सरांनी रचनाकडं बघितलं. तिनं पोरीला “जा, तिकीट घेऊन ये त्या मामाकडनं” म्हणून रवळूकडं पिटाळलं आणि सरांच्या जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली,

“सर, त्या कागदात काय हाय ते मला कळालंय. वाचू नका.”

“रचना, वीस वर्षं मी…”

“ठावं हाय, सर. पण आमचं बसमधेच ठरलंतं. पंचवीसजणींचं. घरात सांगायचं, बसलो म्हणून. पैसं भरून नुसत्या उभारून आल्या असं कळालं असतं तर पुढल्या वर्सी आमच्या भणींना कोण सोडलं असतं सहलीला? माझी धाकटी गेली बघा पुढच्या साली. ही सुमन, हिच्या दोघी गेल्या.”

मागून सुमननं मान हलवली. “आन् गाणी म्हटलो ते त्याच्यासाठीच, सर. रडत उतरलो असतो तर गावाला कळालं असतं.”

सर तिथंच उभे होते. हातातला कागद वाऱ्यानं फडफडत होता. वीस वर्षं ज्या मुकेपणाचा त्यांनी आपल्या छातीवर दगड ठेवला होता, तो मुकेपणा नव्हताच. ती ठराव पास झालेली सभा होती. आणि त्या सभेत मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं.

“मग मी काय करू?” सर म्हणाले. गणिताच्या मास्तरानं नववीतल्या मुलीला विचारावं तसा तो प्रश्न नव्हता. उलटा होता.

“काय न्हाय. नंबर पुकारा. एवढंच,” रचना म्हणाली. मग हळूच, “आन् सर, एक सांगा. पोरीसमोर आधी बसल्यागत कसं बसायचं? माझं पाय आत्ताच लटलट कापालंय.”

“पुढच्या दांडीला धर. डोळे मिटू नको,” सर म्हणाले. “वळणाआधी श्वास घे. सहा सेकंदांचा उतार आहे, मी मोजलाय.”

कागदाची घडी झाली, खिशात गेली. सरांनी पाठ ताठ केली आणि मैदानभर ऐकू जाईल असं पुकारायला सुरुवात केली. साठ. एकोणसाठ. अठ्ठावन्न. गैरहजर नंबरही ते पुकारत होते आणि क्षणभर थांबत होते. शेवटी सदतीस. अकराजणी बसल्या, बाराव्या खुर्चीत ऋतिका. गाडी भरली. रवळू, शामू आणि इतर पुरुष मंडळी कठड्याबाहेर पर्स, ओढण्या आणि एक तान्हं मूल सांभाळत उभी राहिली. कुणी आयुष्यात पहिल्यांदा रांगेत मागं राहिलं की कसं दिसतं, ते त्यांच्याकडं बघून कळत होतं.

ड्रॅगन सुटला. पहिल्या चढावर सगळ्यांनी दांड्या घट्ट धरल्या. उतारावर मात्र अकरा बायका अशा ओरडल्या की शेजारच्या पाळण्यातली माणसं वाकून बघायला लागली. सरांच्या हातात स्टॉपवॉच होतं. अंगठा बटणावर होता. त्यांनी ते दाबलं नाही. गाडी दोनदा फिरली, तिसऱ्यांदा फिरली, आणि थांबली.

बायका उतरल्या त्या एकमेकींच्या अंगावर पडत, हसत, केस विस्कटलेल्या. कोण कुणाला काय सांगत होतं काही कळत नव्हतं. रचना शेवटी उतरली. दांडी धरून तिच्या तळव्यांवर लाल वळ उठले होते.

ऋतिका मात्र कमरेवर हात ठेवून उभी. “मम्मी, लबाड सांगितलीस की गं! वरनं लोंढा कुठं दिसला? नुसती कॅम्पातली झाडं दिसली आन् चर्चवरचा क्रूस.”

रचना काही बोलायला गेली, पण तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. तिनं सरांकडं बघितलं.

मी वर्षभर या माणसाशी वाद घातला होता. न मोजलेला एक आकडा त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता. उंचीचं नाव काढलं की ते ‘खाली उभं असलेल्याला काय उपयोग’ म्हणायचे.

सर खाली वाकले. गुडघा दुखत होता तरी वाकले.

“बाळ, ही गाडी बुटकी आहे,” ते म्हणाले. “ती उंच होती.”

“किती उंच?”

सरांनी कॅम्पातल्या झाडांच्या शेंड्याकडं बघितलं, मग त्याच्याही वर.

“लोंढा दिसेल इतकी.”